अदृश्य किरणांचा शोधक : सर जॉर्ज गेब्रियल स्टोक्स



एके काळीं हिंवतापावर क्विनाइन हेंच काय तें खात्रीचें औषध होतें, आणि त्याच्या कडू चवीची आठवण वडील मंडळींपैकीं अनेकांस अजून असेल. परंतु क्विनाइनच्या अंगीं कडूपणाशिवाय आणखी एक गुण आहे, आणि तो जिभेला नव्हे, तर डोळ्यांना कळतो. गंधकाम्लाच्या चार थेंबांनीं आंबट केलेल्या पाण्यांत क्विनाइन विरघळविलें तर तें पाणी अगदीं स्वच्छ व रंगहीन दिसतें. पण तेंच भांडें उन्हांत धरून बाजूनें पाहिलें असतां पाण्याच्या पृष्ठभागाशीं आकाशी रंगाची मनोहर झांक चमकते. पाण्याला रंग नाहीं, उन्हाला निळा रंग नाहीं. मग ही निळाई आली कोठून? हा प्रश्न वरवर पाहतां मुलांचा खेळ वाटेल. परंतु ज्या थोर पुरुषानें त्याचा निकाल लावला, त्याच्या उत्तरांतून एक नवें शास्त्र निघालें, आणि क्षयासारख्या रोगाचे जंतू शोधण्याच्या कामीं त्याचा उपयोग आज होत आहे. त्या पुरुषाचें चरित्र आज आपण थोडक्यांत पाहूं.

आयर्लंड देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्लायगो परगण्यांत स्क्रीन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील धर्मोपदेशक गेब्रियल स्टोक्स ह्यांच्या घरीं १३ ऑगस्ट १८१९ रोजीं जॉर्जचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील भाऊ पुढें धर्मोपदेशकच झाले. घरीं संपत्ति बेताची, पण विद्येची व सदाचाराची कमतरता नव्हती. लॅटिन व्याकरण वडिलांनीं शिकविलें, आणि अंकगणिताचे पहिले पाठ गांवच्या चर्चमधील कारकुनानें दिले. तेराव्या वर्षीं जॉर्ज डब्लिन येथील शाळेंत गेला. तेथें दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८३४ सालीं पितृछत्र नाहींसें झालें. तरीही शिक्षणांत खंड पडूं न देतां १८३५ मध्यें त्यास इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें पाठविण्यांत आलें, व १८३७ मध्यें त्यानें केंब्रिज विद्यापीठांतील पेम्ब्रोक कॉलेजांत प्रवेश केला. १८४१ सालच्या गणिताच्या परीक्षेंत तो सर्वांत पहिला आला. म्हणजे केंब्रिजच्या भाषेंत ‘सीनियर रँग्लर’ झाला. महाराष्ट्रांतील वाचकांस रँग्लर ह्या शब्दाची ओळख निराळी करून द्यावयास नको. रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवानें तो शब्द आपल्या घराघरांत पोहोंचलेला आहे.

आठ वर्षांनीं, म्हणजे १८४९ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं स्टोक्स ह्यांची ल्यूकेशियन प्राध्यापकाच्या जागीं नेमणूक झाली. हीच ती जागा, जीवर पूर्वीं सर आयझॅक न्यूटन विराजमान झाले होते. मान मोठा, परंतु वेतन तुटपुंजें. म्हणून पुढें कांहीं वर्षें त्यांना लंडन येथील खाणकामाच्या सरकारी शाळेंतही शिकवावें लागलें. ह्याच सुमारास त्यांनीं पाणी, हवा इत्यादि वाहत्या पदार्थांच्या अंतर्गत घर्षणाचें गणित मांडलें. ढगांतील सूक्ष्म जलबिंदु खालीं झपाट्यानें कां कोसळत नाहींत, ह्याचें उत्तर त्या गणितांत आहे. बिंदु जितका लहान, तितकी हवेच्या घर्षणामुळें त्याची पडण्याची गति मंद होते. हा नियम आजही स्टोक्सचा नियम म्हणून शिकविला जातो.

आतां पुन्हां क्विनाइनकडे वळूं. त्या निळ्या झांकेचें वर्णन १८४५ मध्यें जॉन हर्शेल ह्या विद्वानानें प्रसिद्ध केलें होतें. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट होती. जो सूर्यप्रकाश क्विनाइनच्या पाण्यांतून एकदां गेला, तोच पुन्हां तशाच दुसऱ्या पाण्यांत सोडला तर तेथें निळी झांक उमटत नाहीं. पाहावयास तर तो प्रकाश पूर्वींसारखाच शुभ्र असतो. मग त्यांतून हरवलें काय? हर्शेल येथेंच थांबले. डेव्हिड ब्रूस्टर ह्या दुसऱ्या पंडितानें पानांच्या हिरव्या अर्कांत अशाच प्रकारची तांबडी प्रभा पाहिली होती. परंतु कारण त्यांसही उलगडलें नव्हतें.

स्टोक्स ह्यांनीं जी युक्ति योजिली ती साधी, पण अचूक होती. खोलींत अंधार करून खिडकीच्या फटींतून सूर्याचा एक किरण आंत घेतला, आणि तो लोलकांतून नेऊन त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग एका पट्ट्यांत पसरविले. मग क्विनाइनच्या पाण्यानें भरलेली नळी त्या पट्ट्यांतून हळूहळू सरकवीत नेली. तांबड्या रंगांत कांहीं नाहीं. पिवळ्यांत कांहीं नाहीं. हिरव्यांत व निळ्यांतही नळी साध्या पाण्यासारखीच राहिली. जांभळ्या रंगाच्या टोकास पोहोंचतांच मात्र ती निळ्या तेजानें उजळली. स्टोक्स ह्यांनीं नळी आणखी पुढें नेली, म्हणजे जेथें रंगाचा पट्टा संपून डोळ्यांस केवळ काळोख दिसत होता तेथें नेली. आणि त्या काळोखांतही नळी तशीच तेजाळत राहिली! जेथें प्रकाश नाहीं असें डोळे सांगत होते, तेथें प्रकाश होता. सूर्याच्या जांभळ्यापलीकडील अदृश्य किरणांस, म्हणजे ज्यांस आज आपण अतिनील किरण म्हणतों त्यांस, क्विनाइन गिळत होतें, आणि त्यांच्या बदल्यांत डोळ्यांस दिसणारा निळा प्रकाश परत देत होतें. पहिल्याच पाण्यानें हे किरण गिळून टाकल्यामुळें दुसऱ्या पाण्यास कांहींच उरत नसे. हर्शेलचें कोडें असें सुटलें.

परंतु ह्या उत्तरांत एक मोठी अडचण होती. प्रकाशाच्या किरणाची वक्रीभवनाची योग्यता, म्हणजे त्याची रंगजाति, बदलत नाहीं असें न्यूटनच्या काळापासून मानलें जात असे. ज्यांच्या आसनावर आपण बसलों, त्यांच्याच सिद्धान्तास अपवाद आहे असें म्हणण्याचा प्रसंग स्टोक्स ह्यांच्यावर आला. त्यांनीं घाई केली नाहीं. प्रथम अन्य कारणें तपासलीं, शेंकडों पदार्थ पारखले, आणि दुसरी वाट उरली नाहीं तेव्हांच २७ मे १८५२ रोजीं रॉयल सोसायटीपुढें आपला निबंध ठेवला. न्यूटनविषयींचा त्यांचा आदर रतिभरही कमी झाला नाहीं. पण आदर निराळा आणि पुरावा निराळा हें त्यांनीं दाखवून दिलें. त्याच निबंधांत, फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून, त्यांनीं ह्या प्रभेस ‘फ्लुओरेसन्स’ असें नांव सुचविलें. मराठींत आपण तिला प्रतिदीप्ति म्हणूं. बाहेर पडणारा प्रकाश आंत शिरलेल्या प्रकाशापेक्षां अधिक लांब लहरींचा असतो, असाही नियम त्यांनीं सांगितला. त्या नियमास कांहीं अपवाद आहेत हें पुढें आढळून आलें. आणि त्याचें मूळ कारण १९०५ मध्यें आइन्स्टाइन ह्यांनीं प्रकाशकणांच्या कल्पनेनें स्पष्ट केलें.

त्या निबंधांत ज्या पदार्थांचा विचार आहे त्यांत आपल्या घरची हळदही आहे, हें वाचून आपणांस कौतुक वाटेल. स्पिरिटांत काढलेला हळदीचा पिवळा अर्क उन्हांत हिरवट प्रभा दाखवितो, आणि हिरव्या पानांचा तसाच अर्क रक्तासारखी तांबडी. ज्यांस हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं तो वडील माणसांच्या देखत व ज्योतीपासून दूर करावा, कारण स्पिरिट फार लवकर पेट घेतें.

आतां एक नवाच प्रश्न उभा राहिला. प्रतिदीप्ति जागी करावयाची तर त्यासाठीं कोणता दिवा उत्तम? इंग्लंडांत सूर्य अनेकदां ढगांआड असतो. तेव्हां स्टोक्स ह्यांस दुसरे दिवे पारखणें भाग पडलें. त्यांत जें आढळलें तें मनन करण्यासारखें आहे. मेणबत्तीची ज्योत डोळ्यांस तेजस्वी दिसते. परंतु तिच्यांत अदृश्य किरण अगदीं थोडे. उलट स्पिरिटच्या दिव्याची फिकी, जवळजवळ न दिसणारी ज्योत त्या किरणांनीं समृद्ध. प्राणवायूंत जळणारा गंधक त्याहूनही कामाचा, आणि विजेची ठिणगी तर सर्वांत सरस. दिव्याची योग्यता तो डोळ्यांस किती दिपवितो ह्यावर नसून, हव्या असलेल्या कामाचे किरण त्यांत किती आहेत ह्यावर ठरते, हा धडा येथें मिळाला.

दुसरा धडा काचेनें दिला. साधी काच दृश्य प्रकाशास वाट देते, पण दूरच्या अतिनील किरणांस अडवून धरते. स्वच्छ स्फटिक मात्र त्यांस मोकळें सोडतो. म्हणून स्टोक्स ह्यांनीं लोलक व भिंगें स्फटिकाचीं करविलीं. १८५३ च्या आरंभीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें, जेथें मायकेल फॅरडे काम करीत, विजेच्या प्रखर कमानदिव्याचा प्रकाश त्यांतून नेला तेव्हां जो पट्टा मिळाला तो दृश्य पट्ट्याच्या सहा ते आठ पट लांब भरला! पुढें १८६२ मध्यें त्यांनीं निरनिराळ्या धातूंच्या टोंकांमधून विजेच्या ठिणग्या पाडून कोणत्या धातूचे किरण किती दूर पोहोंचतात ह्याची तुलना प्रसिद्ध केली.

सूर्यप्रकाश वापरतांना त्यांनीं आणखी एक सोपी रीति काढली. खिडकीवर गडद निळी काच बसवावयाची, म्हणजे फक्त निळे-जांभळे किरण आंत येतात. आणि डोळ्यांपुढें पिवळी काच धरावयाची, म्हणजे ते निळे किरण डोळ्यांपर्यंत पोहोंचत नाहींत. दोन्ही काचांतून एकदम पाहिलें तर काळोख. मग मध्यें ठेवलेली वस्तु जर ह्या काळोखांत चमकली, तर तो प्रकाश तिचा स्वतःचा, हें निश्चित. ही दोन काचांची जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें यावयाचें आहे.

१८५७ सालीं स्टोक्स ह्यांच्या आयुष्यांत एक नाजूक प्रसंग आला. आयर्लंडांतील प्रख्यात ज्योतिषी रॉबिन्सन ह्यांची कन्या मेरी हिच्याशीं त्यांचा विवाह ठरला होता. त्या काळच्या नियमाप्रमाणें विवाह करणाऱ्यास कॉलेजची फेलोशिप, म्हणजे कायमचें उत्पन्न, सोडावें लागे. तें सोडावयास ते तयार होते. पण एका अवघड गणिताच्या पाठीं लागून ते पहांटे तीन तीन वाजेपर्यंत जागत, आणि हें सर्व त्यांनीं भावी पत्नीस पत्रानें प्रामाणिकपणें कळविलें. आपलें मन विचारांत इतकें गढून जातें कीं त्यांत प्रेमाचा ओलावा उरेल कीं नाहीं, ही शंकाही त्यांनीं लपविली नाहीं. तीं पत्रें वाचून वाग्दत्ता वधू इतकी विचारांत पडली कीं विवाह मोडण्याची वेळ आली होती. शेवटीं दोघांचीं मनें जुळलीं, व विवाह झाला. संसारांत दुःखेंही आलीं. दोन मुली तान्हेपणींच देवाघरीं गेल्या. नियम बदलल्यावर कांहीं वर्षांनीं फेलोशिप मात्र परत मिळाली. बुद्धिमत्ता मोठी असली तरी मनुष्याचें हृदय तिच्याच आधारावर जगत नाहीं, हें स्टोक्स ह्यांनीं वेळींच ओळखलें, ही त्यांच्या चरित्रांतील लहान गोष्ट नव्हे.

१८५४ पासून १८८५ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षें, ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. इतरांचे निबंध वाचावे, चुका सुधाराव्या, तरुणांस लांबलचक पत्रें लिहून मार्ग दाखवावा, ह्यांतच त्यांचे दिवस जात. त्यामुळें त्यांचें स्वतःचें संशोधन मागें पडलें, अशी हळहळ त्यांच्या मित्रांस वाटे. तारकांच्या प्रकाशावरून त्यांतील द्रव्यें ओळखण्याची कल्पना त्यांनीं आपले मित्र विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्विन, ह्यांस फार पूर्वीं सांगितली होती. १८५९ मध्यें किर्खोफ व बुनसेन ह्या जर्मन पंडितांनीं तें शास्त्र सिद्ध केलें तेव्हां केल्विन ह्यांनीं त्याचें श्रेय मित्रास देऊं केलें. परंतु स्टोक्स ह्यांनीं तें घेण्यास नकार दिला. जें आपण पूर्णपणें सिद्ध करून प्रसिद्ध केलें नाहीं, त्याचा मान आपला नव्हे, अशी त्यांची वृत्ति होती. त्यांनीं दुसऱ्यांसाठीं दिलेलीं वर्षें वायां गेलीं कीं सार्थकीं लागलीं, ह्याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. त्यांच्या साहाय्यानें निर्दोष झालेले शेंकडों निबंध मात्र आजही ग्रंथालयांत आहेत, आणि त्यांवर त्यांचें नांव नाहीं.

मान त्यांच्या मागें आपण होऊन चालत आले. १८८५ ते १८९० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८८७ मध्यें विद्यापीठाचे प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत गेले. १८८९ मध्यें त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. धर्मोपदेशकाच्या घरीं लाभलेली श्रद्धा त्यांनीं अखेरपर्यंत जपली. १ फेब्रुवारी १९०३ रोजीं केंब्रिज येथें त्यांचा अंत झाला. तेव्हां ते पेम्ब्रोक कॉलेजचे मुख्य होते, आणि ल्यूकेशियन प्राध्यापकाची जागाही चौपन्नाव्या वर्षीं त्यांच्याकडेच होती.

स्टोक्स गेले, पण त्यांनीं लावलेला दिवा विझला नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर एकाच वर्षानें, १९०४ मध्यें, जर्मनींतील येना येथें ऑगस्ट कोहलर ह्यांनीं अतिनील किरणांचें सूक्ष्मदर्शक यंत्र सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें. अधिक बारीक वस्तु दिसावी एवढाच त्यांचा हेतु होता. पण यंत्राखालील कांहीं पदार्थ स्वतःच चमकूं लागले. प्रथम ही अडचण वाटली. पुढें तीच एक पद्धति झाली. १९११ च्या सुमारास प्रतिदीप्तीचीं सूक्ष्मदर्शक यंत्रें तयार झालीं. त्यांत दिव्याजवळ एक गाळणी असते. ती फक्त उत्तेजक किरण सोडते. नेत्रभिंगाच्या बाजूस दुसरी गाळणी असते. ती तेच किरण अडविते. केंब्रिजच्या खिडकीवरील निळी काच आणि डोळ्यांपुढील पिवळी काच, हीच ती जोडी!

दिव्याचा प्रश्नही पुन्हां उभा राहिला. आरंभींच्या कमानदिव्यांनंतर पाऱ्याचा दिवा आला. त्याचें तेज लहानशा जागेंत एकवटलेलें असतें, आणि ३६५, ४०५, ४३६, ५४६ नॅनोमीटर अशा ठराविक लहरींत तें फार प्रखर असतें. ज्या रंगद्रव्यास ह्यांपैकीं लहर मानवते त्याच्यासाठीं ह्यासारखा दिवा नाहीं. परंतु ज्यास मधली लहर हवी त्याची निराशा होते. शिवाय हा दिवा सुमारें दोनशें तासांत निकामी होतो, विझविल्यावर थंड होईपर्यंत पुन्हां लावतां येत नाहीं, फुटल्यास पाऱ्याची विषारी वाफ पसरते. झेनॉन वायूच्या दिव्याचा प्रकाश दृश्य पट्ट्यांत सर्वत्र सारखा असतो, म्हणून रंगांचें मोजमाप करण्यास तो बरा. परंतु अतिनील भागांत तो दुबळा. अलीकडील प्रकाशदायी डायोड, ज्यास सर्वजण एलईडी म्हणतात, तो हवी तेवढीच लहर देतो, बटण दाबतांच लागतो, हजारों तास टिकतो, आणि बॅटरीवरही चालतो.

हा भेद केवळ प्रयोगशाळेंतील चैनीचा नाहीं. ऑरामिन नांवाच्या रंगानें क्षयाचे जंतू रंगविले असतां ते काळ्या पटावर सोनेरी रेषांसारखे चमकतात, आणि कमी मोठें करून दाखविणाऱ्या भिंगाखालीं पुष्कळ जागा थोड्या वेळांत तपासतां येते. परंतु पाऱ्याचा दिवा महाग व नाजूक, त्यास अंधारी खोली हवी. त्यामुळें ही सोय मोठ्या शहरांपुरतीच राहिली होती. एलईडीचा दिवा आल्यावर २०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें जुन्या दिव्यांच्या जागीं तोच वापरावा असा सल्ला दिला. ज्या खेड्यांत वीज वेळेवर येत नाहीं, तेथील खोकणाऱ्या मनुष्याचा रोग वेळेवर ओळखला जावा कीं नाहीं, हें दिव्याच्या निवडीवर अवलंबून असूं शकतें.

आपल्या देशाचाही ह्या कथेशीं खरा संबंध आहे. १९२८ मध्यें कलकत्ता येथें सी. व्ही. रामन व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन ह्यांनीं सूर्यप्रकाश व दोन परस्परपूरक रंगांच्या गाळण्या घेऊनच आपला शोध आरंभिला, आणि पुढें पाऱ्याचा दिवा वापरून २८ फेब्रुवारी रोजीं तो पक्का केला. त्या शोधांत दिसणाऱ्या, मूळ प्रकाशापेक्षां लांब लहरींच्या रेषांस जगभर ‘स्टोक्स रेषा’ असेंच म्हणतात.

मित्रहो, स्टोक्स ह्यांच्यापाशीं आरंभीं काय होतें? एक अंधारी खोली, एक फट, कांहीं लोलक, आणि औषधाच्या पाण्याची नळी. रंगाचा पट्टा संपला तेथें कोणीही थांबला असता. ते एक हात पुढें गेले. आपल्या अभ्यासांत, आणि माणसांची पारख करतांनाही, जेथें आपल्या डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं तेथें कांहीं नाहींच असें म्हणण्यापूर्वीं आपणही नळी थोडी पुढें सरकवून पाहावी. वर्गांतील जो मुलगा मेणबत्तीसारखा झगमगत नाहीं, तो कदाचित् स्पिरिटच्या फिक्या ज्योतीसारखा असेल.